कॉम्प्युटरची खंडेनवमी

आज खंडेनवमी. नातीनं लॅपटॉपला झेंडूचं फूल वाहिलं आणि त्या उग्र वासासरशी मी कवठे महांकाळच्या जुन्या घरात जाऊन पोचले.

तेव्हाची मी म्हणजे अतिशहाणी. आज सगळी अवजारं बंद ठेवून पुजायची, मग कॉम्प्युटरनं काय पाप केलंय? पडद्यावर काहीतरी गोल फिरत होतं. मी बटण बंद केलं, हळदीकुंकू लावलं, वर गूळखोबरं ठेवलं.

"अगं, नवी सिस्टीम चढत हुती त्यात," हे कळवळले.

फौजेतून परत न आलेल्या आमच्या लेकाचा, विजूचा आवाज तेवढा त्यातच साठवलेला. हे रोज ऐकायचे.

सांगलीच्या दुरुस्तीवाल्यानं हात टेकले. "मशीन वाचलं, काका. आतलं काय ऱ्हायलं न्हाई."

घरी आणून लावलं, तर कोरा पडदा विचारू लागला, वापरणाऱ्याचं नाव काय? ह्यांनी चष्मा पुसला आणि एका बोटानं विजूचं नाव लिहिलं.

"चालू केल्यावर नाव तरी दिसंल."

तेव्हा मला वाटलं, सुटले बाई, ओरडले नाहीत. आता कळतं, त्या घडीला मी त्यांच्या ध्यानातसुद्धा नव्हते.