रविवारी बुडालेली सुट्टी

मैत्रिणींनो, आज मन फार खचलंय.

ह्यांची स्मृती हळूहळू जातेय. सई, आमची लेक, फ्रान्समध्ये असते. तिथे एक नोव्हेंबरला, ऑल सेंट्स डेला, सुट्टी असते, आमच्या कॉन्व्हेंटलाही असायची. यंदा तो रविवारी आलाय. आपल्या सिंगापूरसारखा तिथेही सोमवार मिळेल, त्याला रजा जोडून ती येईल, असं मी धरून बसले होते.

आज व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आई, इथे रविवारी आलेली सुट्टी बुडतेच गं. वर्षाच्या एकावन्नाव्या आठवड्यात येते."

"अगं, महिना सांग!"

"डिसेंबर. नाताळच्या आधी."

शेजारून ह्यांनी विचारलं, "कोणाची मुलगी गं ही? गोड आहे."

सईने ते ऐकलं.

विसरलेलं माणूस पुन्हा आठवतं का हो? कुणी पाहिलं असेल तर सांगा.