परातीत पडणारी धार

रविवारी सकाळी मी माझ्या लाल स्पोर्ट्स कारखाली पाठीवर पडलो होतो. इंजिन आधी थोडं गरम करून घेतलं, खालचा बोल्ट काढला, आणि जुनं ऑइल परातीत भदाभदा कोसळलं. मग धार बारीक होत सुतासारखी झाली. आता घाई करायची नसते, नाहीतर तळचा गाळ आतच राहतो. वाऱ्याशी पैजा लावणारी ही गाडी वर्षातून एकदा मला असं निवांत पडून राहायला लावते. मागच्या वर्षी ओतलं तेव्हा हेच ऑइल मधासारखं होतं. सगळ्या घाटांची काजळी स्वतः पिऊन त्यानं इंजिन मात्र लख्ख ठेवलं. कुणाच्या तरी आत राहून असं गुपचूप काळं होत जाण्यातही मजा असेल.

एवढ्यात बायकोच्या चपला दिसल्या.

"अरे, ही माझी कणकेची परात!"

"मला वाटलं, माळ्यावरची जुनी आहे."

आता माझं काही खरं नव्हतं. ती खाली वाकली, आणि वाकलेलीच राहिली. धारेचे आता थेंब झाले होते. मी हळूच बोल्ट उचलला.

"थांब रे," ती कुजबुजली, "अजून एक येतोय."