ताई­च्या सोयरिकीत मी हात धुतला

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच पाहिजे.

रविवारी आम्ही ताईसाठी मुलाचं घर बघायला शिरूर अनंतपाळला गेलो. बाबा, मामा आणि मी. मुलगा ताईला आधीच लई आवडलाय. निघताना मुदखेडला दारातच तिनं माझा दंड धरला, "तिथं तोंड कमी चालव."

"हाव गं," म्हणलं. आणि खरंच बोललेच न्हाई!

दुपारी पंगत बसली. आम्ही तिघं, समोर मुलाचे वडील आणि काका. आता मी राहते नांदेडला, होस्टेलवर. तिथं दहा मिनिटांत जेवण उरकायची सवय. आणि जेवण झालं की ताटातच हात धुवायचा, हे वळण घरचं. दोन्ही सवयी एकदम आडव्या आल्या. पोळी संपली, तांब्या उचलला, ताटात हात धुतला.

आमच्याकडं एकानं हात धुतला की पंगत उठली. बाबांनी अर्धी पोळी तशीच ठेवली. मुलाच्या वडलांनीही हातातला घास खाली ठेवला. आणि नेमकी तेव्हाच मुलाची आई बासुंदीचं पातेलं घेऊन बाहेर आली, ती दारातच थांबली.

"लेकराला आमचं जेवण आवडलं न्हाई वाटतं."

"न्हाई न्हाई मावशी, लई आवडलं!"

मामा कानाशी पुटपुटला, "रेल्वे सुटत होती का गं तुझी?"

बाबांनी हात जोडले, "लेकरू हाय, चुकलं." मुलाचे वडील हसले. पण ते हसणं कसलं होतं, तेच मला कळंना. बासुंदी आत गेली ती गेलीच. आम्ही निघताना ते म्हणाले, "फोन करून कळवतो."

आज बुधवार. फोन न्हाई. बाबांनी घरी सगळं सांगितलं, तेव्हापासून ताई फोनकडं बघून राहिली. माझ्याशी एकच वाक्य बोलली, "ताटात न्हाई, माझ्या लग्नावर पाणी फिरवलंस तू."

मावशींना माफीचा मेसेज सहादा लिहिला, सहादा पुसला. मुलीच्या धाकट्या बहिणीनं परस्पर मेसेज करणं अजूनच वाईट दिसंल का? का गप्प बसणं वाईट? सांगा ना, तुमच्यापैकी कुणी असा पंगतीत आधी हात धुतलाय का? आणि मग ते लग्न झालं का?