प्रश्नाला एक गुण

दोन माणसांच्या बोलण्यात ताबा कोणाकडे असतो, हे मोजण्याची नोकरी मी हेब्बाळच्या एका संस्थेत दोन वर्षं केली. कोण मध्येच तोडतं, कोण विषय बदलतं, कोण प्रश्न विचारतं. प्रश्नाला एक गुण, कारण समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं, असं आमचे सर म्हणत. सरांना लोक नेहमीच उत्तरं देत आले होते.

मराठी जोडपं मिळेना, म्हणून मी घरीच आठवडाभर नाश्त्याच्या टेबलावर रेकॉर्डर ठेवला. संमतीचे दोन्ही फॉर्म अप्पांनी भरले. आईने दाखवलेल्या जागी सही केली.

त्याच आठवड्यात बेळगावची माझी मावशी, आईची थोरली बहीण, फार आजारी होती. आईला तिला भेटायचं होतं.

"अहो, मी बेळगावला जाऊन येऊ काय?"

पेपरचं पान उलटल्याचा आवाज.

"चार दिवसांत येते परत. डब्याचं शेजारणीला सांगू काय?"

"चटणीत मीठ नाही."

"आणू काय?"

"नको."

"मग शनिवारी जाऊ?"

"तू काय डॉक्टर आहेस? बघू पुढच्या आठवड्यात."

हेडफोन लावून मी हे सहा वेळा ऐकलं. आईला चार गुण. अप्पांना प्रश्नाचा एक आणि चटणीबद्दल अर्धा. पेपर उलटण्यासाठी आमच्या तक्त्यात रकानाच नव्हता.

आलेख काढला तेव्हा आमच्या घरात आईची सत्ता निघाली. सर खूश झाले. भारतीय गृहिणीबद्दलचा एक मोठा गैरसमज आपण दूर केला, असं त्यांना वाटलं. घरी सांगितलं तर अप्पा म्हणाले, "तेच म्हणतोय मी इतकी वर्षं. माझं ऐकतंय कोण इथं?"

पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, मावशी गेल्याचा फोन आला. अप्पांनी पाच मिनिटांत गाडी ठरवली. मयताला जायला विचारावं लागत नाही.

बेळगावला रोज बस असते. तिकीट मला फोनवर काढता आलं असतं. अप्पा दोन दिवस फुगून बसले असते, इतकंच. पण निरीक्षकाने संभाषणात पडायचं नाही असा नियम होता, आणि मी नियम पाळणारा माणूस.

तुमकूर मागे पडल्यावर आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तू सगळं ऐकत होतास की रे."

अप्पांनी ड्रायव्हरला एसी वाढवायला सांगितला.