भोंग्याने दिलेली माझी हजेरी

भोंग्याला हळू बोलताच येत नसे. कानात सांगायची गोष्टही तो अशी सांगे, की व्हरांड्यातला शिपाई वळून बघे. त्याचं खरं नाव वेगळंच होतं. गिरणीच्या भोंग्यावरून वर्गातल्या पोरांनी त्याला हे नाव ठेवलं आणि त्याने ते हसत घेतलं. साखर पेठेतल्या तेलुगू विणकराचा मुलगा. सकाळी कॉलेज, दुपारी तीनपासून चादरीच्या मागावर पाळी. केसांत कायम सुताचे तुकडे. "मागाच्या खडखडाटात जल्मलो बे मी," तो म्हणे, "हळू बोलायचं कुणी शिकवलंच न्हाई."

आणि मी? नातेपुत्याहून एक ट्रंक घेऊन सोलापुरात आलेला, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. पहिल्याच दिवशी हजेरीत माझा नंबर पुकारला, तेव्हा मी घरच्यासारखा "हाय की सर" म्हणून गेलो. वर्ग असा हसला, की विचारू नका! तेव्हापासून माझा आवाज गेला तो गेलाच. 'येस सर' हे दोनच शब्द; होस्टेलच्या मोरीत मी ते पन्नास पन्नास वेळा म्हणून बघायचो. वर्गात मात्र नंबर आला की ओठ हलायचे, आणि तोंडातून नुसती हवा बाहेर पडायची.

अर्थशास्त्राचे सर मान खाली घालूनच हजेरी घेत. उत्तर ऐकू आलं नाही की गैरहजर. दिवाळीआधी हजेरी कमी असलेल्यांची यादी नोटीस बोर्डावर लागली, तिच्यात मी दुसरा! असंच चाललं तर टर्म जाणार होती. टर्म गेली की वडील काय म्हणणार ते मला पाठ होतं. "ये घरी, उसाला पाणी धर." मला ते नको होतं. अगदी शपथेवर सांगतो, नको होतं.

त्या यादीपुढे मी घाम पुसत उभा असताना भोंगा शेजारी आला. "का बे, तू तर रोज असतोस की! रोज येस सर म्हणतोस पण. मी बघतो की."

बघतो? मग त्यानेच सांगितलं. मागाच्या कारखान्यात शेजारच्याचंही बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात. तीन माग पलीकडचा माणूस काय मागतोय, ते भोंग्याला लहानपणापासून कळायचं. अख्ख्या वर्गात माझं 'येस सर' त्या एकट्यापर्यंत पोचत होतं.

दुसऱ्या दिवसापासून माझा नंबर आला की तो माझ्याकडे बघे, आणि ओठ हलले रे हलले की "येस सर!" म्हणून गरजे. ओठ हलल्याशिवाय कधीच नाही. मी तापाने होस्टेलवर पडलो, त्या दोन दिवसांची हजेरी त्याने दिली नाही. मी जरा कुरकुरलो, तर म्हणाला, "तू नव्हतास, तर मी कसं म्हणू? खोटं हाय की ते."

मधल्या सुट्टीत तो कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढी आणि डबा पाठीमागे लपवी. "मोठ्यानं माग, मग देतो." मी पुटपुटे. "ऐकू न्हाई आलं!" भूक लागलेली, पोरं बघतायत, लाजेने माझा जीव नुसता कासावीस. शेवटी त्यालाच दया यायची.

नाताळच्या सुट्टीनंतर एक दिवस सरांनी मान वर केली. नंबर डावीकडच्या बाकावरचा आणि आवाज उजवीकडून! "किती दिवस चाललाय हा धंदा?"

भोंगा उभा राहिला. "सर, तो हाय की हितं. तोच म्हणला, मी फकस्त मोठ्यानं सांगितलो."

वर्ग खो खो हसला. सरांना वाटलं, आपली थट्टा चालली आहे. "बोगस हजेरी लावतोस? तुझी टर्म मी अडवतो," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "काय रे, तू बोलला होतास का?"

मी उठलो. चूक माझी आहे, एवढंच सांगायचं होतं. ओठ हलले. पण आवाज? छे!

"काय म्हणतोय हा?" सरांनी भोंग्यालाच विचारलं. माझे ओठ त्याने नीट वाचले होते. तरी तो म्हणाला, "काय न्हाई सर. घाबरलाय."

मला स्वतःची इतकी चीड आली, की जेवण गेलं नाही. दुपारी तडक त्याचा कारखाना गाठला. आत खडखडाट असा, की छातीत धडधडत होतं. भोंगा दोन मागांच्या मध्ये उभा होता. मी दारातूनच बोलायला लागलो आणि काय आश्चर्य, कुणालाच ऐकू येत नाही म्हटल्यावर भडाभडा सगळं बाहेर पडलं. त्याने दोन्ही माग थांबवले, जवळ आला आणि माझ्या कानात ओरडला, "हे समदं सरांपुढं बोल की! हितं कशाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टाफरूममध्ये शिरलो. "सर, मी रोज हजर होतो. मला बोलायची भीती वाटते. त्याने काहीही खोटं केलेलं नाही." इतर प्राध्यापकांनी चहाचे कप खाली ठेवले.

"अरे, ओरडतोस कशाला? ऐकू येतंय मला," सर म्हणाले. दोघांच्याही टर्म वाचल्या.

भोंगा त्या दिवशी वर्गात नव्हता. मी पळतच कारखान्यावर गेलो, दारातून हात नाचवत सगळं सांगितलं. तो तोंडभर हसला. मग त्याचे ओठ हलले, तीन-चार शब्द. मला कुठलं ते वाचता येतंय! शाबास म्हणाला असेल, असं समजून मी हसलो, जोरजोरात मान हलवली आणि निघालो.

नंतरचे तीन दिवस त्याची जागा रिकामीच. चौथ्या दिवशी कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत मी तिथे गेलो. माग बंद होते. त्याच्या वडिलांची छाती बिघडली होती, डॉक्टरांनी सुताच्या धुळीत जायची बंदी केली होती. त्यांची सकाळची पाळीही आता भोंग्याकडे आली होती. कॉलेज संपलं होतं.

"मला सांगायचं तरी!" मी त्याच्या अंगावर ओरडलो.

"सांगितलो की, त्याच दिवशी. 'मी आता येणार न्हाई' म्हणलो. तू हसलास, मान हलवलास. मला वाटलं, बरं झालं, रडला न्हाई."