एकविसावी चतुर्थी आणि मागचं स्टँड

मी मागवलं गाडीचं स्टँड आणि आली दोन रिळं.

खोकं हातात घेतानाच कळायला हवं होतं. एवढी अवजड मोटारसायकल उभी धरणारी वस्तू चहाच्या पुड्याएवढ्या खोक्यात मावत नसते. पण मोबाइलवर 'मागच्या स्टँडची जोडणी' यातला 'स्टँड' एवढाच शब्द वाचून मी बटण दाबलं होतं. आत निघाली निळीशार, चकचकीत, कंबर बारीक असलेली अल्युमिनियमची दोन रिळं आणि दोन बोल्ट. बायकोनं एक उचलून फिरवून बघितलं, "दोरा कुठंय?" म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडायला बसली.

संभाजीनगरला शिकणाऱ्या लेकीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. "बाबा, ही रिळं मागच्या चाकाच्या दोन बाजूंना बसवायची असतात. त्यांच्याखाली स्टँड अडकवून गाडी उचलायची. स्टँड वेगळं मिळतं. ते तुम्ही मागवलंच नाही."

"ते माहीत होतं मला," मी म्हणालो.

एवढा खटाटोप कशासाठी, ते सांगायला हवं. आमच्या गाडीला डबल स्टँड नाही. घेताना विचारलं, तर दुकानदार म्हणाला, आता कुणी लावत नाही. त्याचं दुकान फरशीवर होतं. आमचं अंगण काळ्या मातीचं. जरा ओल झाली की साइड स्टँडचा पाय मातीत रुततो आणि गाडी सावकाश, कुणालाही न दुखवता आडवी होते. पावणेदोन वर्षांपूर्वी ती अशीच आडवी होत असताना मी मधे गेलो. पडत्या गाडीला सोडून द्यायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी बोटं मिटेनात. चहाचा कप धरता येईना, शर्टाची गुंडी बायकोला लावावी लागे. मी हायस्कुलात क्लार्क. दोन महिने डाव्या हातानं लिहिलं, तर मुख्याध्यापक म्हणाले, "भाऊसाहेब, अक्षर सुधारलं तुमचं."

तेव्हापासून बायकोनं दोन गोष्टी धरल्या. एक, शहाबादी फरशीचा तळहाताएवढा तुकडा. तो कॅरीबॅगेत गुंडाळून कायम तिच्या पिशवीत. कुठंही थांबलो की ती आधी उतरणार, तुकडा जमिनीवर ठेवणार आणि चारचौघांत म्हणणार, "हं, टेकवा आता." लग्नमंडपासमोर, दवाखान्यासमोर, तिच्या माहेरी युसूफ वडगावला तर सगळ्या भावकीसमोर. मला फार ओशाळल्यासारखं व्हायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे लिंबागणेशच्या गणपतीच्या एकवीस संकष्ट्या. दर संकष्टीला उपास करायचा, देवळात जाऊन मोदकांचा नैवेद्य दाखवायचा आणि चंद्र उगवायच्या आत घरी यायचं. कशासाठी, ते तिनं सांगितलं नाही; नवस फिटेपर्यंत तो तोंडातून काढायचा नसतो. मी धरून चाललो होतो, की लेकीच्या ॲडमिशनसाठी असेल किंवा तिच्या गुडघ्यांसाठी. मधे एक चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. वीस झाल्या होत्या. मी मनाशी ठरवलं, निदान एकविसाव्या संकष्टीला तरी हिला दगड वाहायला लावायचा नाही.

गावातल्या वेल्डिंगवाल्याला मोबाइलवर स्टँडचा फोटो दाखवला. तो गोठ्याची गेटं करतो. फोटो बोटांनी मोठा करून म्हणाला, "हे गेटाचंच लेकरू हाय की." आणि उरलेल्या पाइपातून त्यानं ते घडवलंही. फक्त दिलं ते नेमकं चतुर्थीच्या सकाळी. वजनाला गेटापेक्षा थोडंच कमी.

बायको तळणीचे एकवीस मोदक करत होती. मला वाटलं, ती आवरेपर्यंत आपली रिळं बसतील. दोन बोल्ट तर आवळायचे होते.

व्हिडिओतल्या माणसानं चाकाजवळच्या लोखंडी दांडीत एक भोक दाखवलं, त्यात रीळ धरून बोल्ट फिरवला आणि काम झालं. मी आमच्या गाडीला दोन्हीकडून बघितलं. भोक नाही. चष्मा लावून बघितलं. नाही. मग मी डोकं चालवलं. भोक नाही, पण चाकाच्या मधोमध मोठा नट आहे. म्हणजे आमच्या गाडीला रीळ त्या नटाखाली बसत असणार. नट सोडला. रीळ बसेना. मधला आस जरा पुढं आलाय असं वाटलं, म्हणून त्याला वरवंट्यानं हळूच एक ठोका दिला, मग दुसरा. तिसऱ्याला आस पलीकडून निम्मा बाहेर आला. आता तो ओढून पुन्हा घालावा, असं वाटून ओढला. आस हातात, चाक तिरकं आणि गाडी मागच्या अंगावर बसली. रवंथ करायला म्हैस बसते ना, हुबेहूब तशी.

बायको कपाळाला हळद लावून, डबा घेऊन बाहेर आली. गाडीकडं बघितलं, माझ्या हातातल्या वरवंट्याकडं बघितलं.

"हे काय?"

"स्टँड बसवतोय."

"गाडी बसवली तुमी."

बाराची एसटी निघून गेली होती. पुढची संध्याकाळी, म्हणजे उपयोग नाही. शेजारी दहा-बारा म्हशी बाळगणारा गवळी राहतो. त्याची गाडी कुणी बीडला दूध घालायला नेली होती. बायको ओट्यावर बसली. डबा मांडीवर.  ती बोलते तेव्हा मला बरं वाटतं. गप्प बसली की मी चहा करायला धावतो. पण त्या दिवशी मला चहाही सुचला नाही. तिच्या बोटांवर मात्र लक्ष गेलं. डब्याच्या झाकणावर ती एकेक बोट टेकवत होती, जणू पुन्हा एकपासून मोजत होती.

मी दोन्ही हातांनी गाडी मागून उचलून बघितली. वीतभर उचलली. पण आस कोण घालणार? तिसरा हात नव्हता, आणि उजव्याची हमी देता येत नव्हती.

तेवढ्यात गवळी कुंपणावरून डोकावला. "भाऊसाहेब, कावून वरवंटा घेऊन उभा राह्यले?" मग गाडी दिसली. "आरारा! कव्हा बसली?"

"तासभर झाला."

"मंग सोप्पं हाय. म्हैस आशी तासभर बसली की पुन्हा आपसूक उठत न्हाई. टांगावी लागती."

मला वाटलं, चेष्टा करतोय. तो आत गेला आणि आणायचं ते घेऊन आला. जाड दोरखंड, आणि चार पोती एकाला एक शिवून केलेला रुंद पट्टा. व्यायल्यावर एखादी म्हैस बसून राहिली की हा पट्टा तिच्या पोटाखालून घालतात, दोर आढ्यावरून घेतात आणि तिला पायांवर उभी करतात. गावात कुणाची म्हैस बसली की बोलावणं यालाच येतं. आमच्या दारात कडुलिंबाचं झाड, फांदी बरोबर गाडीच्या वर, मांडीएवढी जाड. त्यानं पट्टा गाडीच्या मागच्या अंगाखालून घातला, दोर फांदीवरून टाकला आणि माझ्या हातात दिला.

"वढा. झटका देऊ नका, बिथरती."

मी ओढू लागलो. तो सीटवर थाप मारत म्हणत होता, "हो... हो माय... ऊठ... पाय सोड... लई गुणाची हाय..." आणि गाडी खरंच उठली. मागचं अंग हवेत, लिंबाखाली मंद झुलत. त्यानं दोर खोडाला दोन वेढे देऊन बांधला. "लई हालकी हाय. हिला सरकी चारत जा."

बायको हसली. त्या दिवसातलं पहिलं हसू. ते माझ्यामुळं नव्हतं, पण मी मोजलं.

चाक सरळ केलं, साखळी दातांवर चढवली, आस आत सरकला. मी नट आवळत होतो, तोवर बायको डबा ओट्यावर ठेवून गाडीशी वाकली. टांगल्यामुळं दांडीची खालची बाजू आता तिच्या डोळ्यांसमोर होती.

"आन् हे वो काय?"

"कुठं काय?"

"हितं. मातीचा खडा बसलाय गोल."

साखळीचं तेल आणि काळी माती मिळून त्या भोकात अशी बसली होती, की लोखंडाच्या रंगाची झाली होती. ती घरात जाऊन पोती शिवायचं दाभण घेऊन आली आणि कानातला मळ काढावा तशी दोन्ही भोकं कोरून काढली. मी रीळ धरून बोल्ट लावला. बोटानंच आत गेला. दुसराही. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील. दुपारभर जे शोधत होतो ते डोळ्यांसमोर होतं, फक्त आमच्याच अंगणानं झाकलं होतं.

मग वेल्डिंगवाल्याचं ते गेटाचं लेकरू आणून रिळांखाली अडकवलं, दोर सोडला, दाबलं. गाडी ताठ उभी राहिली. इकडून हलवली, तिकडून हलवली, ढिम्म. मी दोन पावलं मागं सरकून कौतुकानं बघत राहिलो. गवळीही बघत होता. "बैलावानी उभी राह्यली," म्हणाला. मी त्याला संध्याकाळी मोदकाचं आमंत्रण दिलं.

"मोदक एकवीसच हायेत," बायको म्हणाली. "अन् अजून देवाला पोचले न्हाईत."

चार वाजून गेले होते. स्टँडवरून गाडी उतरवली आणि निघालो. वाटेत मी तिला सांगत होतो, बघ, आता तुला तो दगड वाहायची गरज नाही, हे खास तुझ्यासाठीच केलं. तिनं मागं मांडीवरची पिशवी नुसती सावरली. वारा होता, ऐकू गेलं नसेल असं समजलो.

देवळाजवळ पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आदल्या दिवशी सर पडून गेलेली, गाड्या लावायची जागा मऊ. मी गाडी थांबवली आणि सवयीनं मागं वळून बघितलं. स्टँड कुठंय? स्टँड तीस किलोमीटर मागं, आमच्या अंगणात, लिंबाखाली. ते सोबत न्यायची वस्तू नाही, हे मला त्या क्षणी कळलं. दोन निळी रिळं चाकाच्या दोन बाजूंना चमकत होती आणि गाडी माझ्या मांड्यांच्या आधारानं उभी होती.

बायको उतरली. पिशवीत हात घातला, दूर्वांची जुडी बाजूला केली, कॅरीबॅग सोडली आणि फरशीचा तुकडा जमिनीवर ठेवला.

"हं, टेकवा आता."

टेकवली. दर्शन झालं. एकवीस मोदक पोचले, नारळ फुटला. बाहेर येऊन आम्ही पायरीवर जरा टेकलो. तिनं माझा उजवा हात आपल्या हातात घेतला. त्यावर काळं तेल, वंगण, दोन ठिकाणी सालपट निघालेलं. मनगट इकडून तिकडून फिरवून बघितलं, बोटं मिटवून बघितली, उघडून बघितली.

"आता सांगायला हरकत न्हाई," ती म्हणाली. "ह्या हातासाठी धरल्या होत्या एकवीस. बरा कर म्हणलं होतं." हात परत माझ्या मांडीवर ठेवला. "पण इतका बरा न्हवता करायचा."