पालथं झोपून दिलेली परवानगी

बाई अकरा वर्षं अंध मुलांसाठी पुस्तकं वाचताहेत. शाळेतून निवृत्त झाल्या त्याच महिन्यात सुरुवात केली. लॅपटॉप मांडीवर घेऊन त्या कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर बसतात. टांगलेले कपडे आवाज घुमू देत नाहीत, असं त्यांच्या नवऱ्याचं म्हणणं. नवरा जन्मभर रेडिओ दुरुस्त करणारा. सगळी गल्ली त्यांना काका म्हणते. बाई वाचतात, आणि मागच्या खोलीत काका त्यांचे खोकले, अडखळणं, दारावरची घंटा कापून काढतात.

दोघांच्या मधे फडताळात एक काळी पेटी असते. तिला ना स्क्रीन, ना कळा. घरच्या नेटवर्कवरून दोघांनी तिच्यात फाइली ठेवायच्या आणि उचलायच्या.

परवा काकांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आठवडाभर पालथं झोपायला सांगितलं. काल कंपनीचा माणूस नवा राउटर बसवून गेला. आज सकाळी पेटी उघडेना.

आत कायद्याच्या पुस्तकाचे शेवटचे दोन धडे होते, साफ करून ठेवलेले. एक मुलगी त्यांची वाट बघत होती. उद्या तिचा पेपर. पुन्हा वाचावेत, तर बाईंचा घसा बसलेला.

"अहो, पेटी सापडत नाही म्हणतंय."

"राउटर बदलला ना, तिचा नंबर बदलला असणार," उशीतून आवाज आला. "घर तेच, पाटी बदलली. राउटरचं पान उघड. यादी दिसतेय? वाच."

बाईंनी यादी वाचली. धडा वाचतात तशी, सावकाश, एकेक आकडा सुटा करून.

"अगं, मला परीक्षेला नाही बसायचं. पेटीचं नाव कुठे आलं?"

"पाचवी ओळ. शेवटी सत्तेचाळीस."

"तो अख्खा नंबर पत्त्यात घाल. आधी दोन तिरप्या रेघा."

"कुठे तिरप्या?"

"डावीकडे कललेल्या. तुझ्या चष्म्यासारख्या."

बाईंनी चष्मा सरळ केला आणि रेघा घातल्या. पेटी सापडली. लगेच नाव आणि पासवर्ड मागू लागली. बाईंचा पासवर्ड अकरा वर्षांपूर्वी काकांनीच घातला होता. आता दोघांनाही आठवेना. तीनदा चुकला.

काकांनी तोंडाखालची उशी सारखी केली.

"माझ्या नावाने जा," शेवटी म्हणाले, आणि एकेक अक्षर सांगितलं. "धडे घे आणि बाहेर ये. बाकी काही बघत बसू नकोस."

असं सांगितल्यावर कोण बघणार नाही?

पण आधी बाईंनी धडे पाठवले. 'मिळाले, बाई' असा निरोप आला. मगच त्यांनी पाहिलं. त्यांच्या नावाने कधीच न दिसलेला एक फोल्डर तिथे होता. नाव 'कापलेलं'. आत अकरा वर्षांचे अकरा कप्पे.

त्यांनी एक फाइल लावली. खोकला. दुसरी लावली. "शी, पुन्हा चुकले." तिसरीत त्याच ओरडत होत्या, "अहो, दार उघडा, मी वाचतेय." चौथीत नुसतं हसू, लांबलचक. आपण कशाला हसलो होतो, ते बाईंना आठवेना. पाचवीत काहीच नव्हतं. वाचायला लागण्याआधी घेतलेला श्वास तेवढा.

"हे काय हो?"

"फेकवेना," उशी म्हणाली.

"एवढे खोकले?"

"दर वर्षीचा वेगळा आहे. यंदाचा तर ऐकवत नाही. घसा दाखवून ये म्हणून किती वेळा सांगायचं?"

बाई लॅपटॉप घेऊन पलंगापाशी जमिनीवर येऊन बसल्या. काकांचा हात कडेवरून खाली लोंबत होता. तो त्यांनी खांद्यावर ठेवून घेतला.

"उद्या जाते डॉक्टरांकडे," त्या म्हणाल्या. "पण माझ्या नावालाही हा फोल्डर दिसायला हवा. कसं करायचं सांगा."

काकांनी सांगितलं. बाईंनी स्वतःसाठी नवा पासवर्ड घातला आणि या वेळी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला.

"आता दोन चौकोन दिसतील. ऐकण्याच्या परवानगीवर खूण कर."

"केली. दुसरा पुसण्याचा आहे."

"तो रिकामाच राहू दे."

बाईंनी तो राहू दिला.